अकरा महिन्यांच्या साहेबाचा दाखला

रविवार, १६ नोव्हेंबर. वेळ दुपारी दोन. स्थळ जर्मनीत म्युनिकजवळचं उंटरश्लाइसहाइम, आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. उपस्थित: मी, माझा नवरा, आमची चौदा वर्षांची लेक, जिच्या एका कानात गाणी चालू असल्यामुळे तिला अर्धी उपस्थित धरलं आहे, नवऱ्याचे मामेभाऊ, इंगोलश्टाटहून आलेले, आणि फोनच्या पडद्यावर साताऱ्याहून त्यांच्या आई, म्हणजे आमच्या मामी, वय अठ्ठ्याऐंशी, ज्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. अनुपस्थित: मामींचे वडील नाना, ज्यांच्यासाठी ही सभा होती. त्यांना जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे गैरहजेरी माफ.

नवऱ्याच्या या मामेभावाइतका खरं बोलणारा माणूस आशिया आणि युरोप या दोन्ही खंडांत दुसरा झालेला नाही, आणि हे दोन्ही खंडांचं भाग्यच म्हणायचं. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि गेली पंधरा वर्षं ते दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमच्याकडे जेवायला येऊन माझ्या स्वयंपाकाचं मूल्यमापन करतात. शिक्षणाने ते वकील. पुण्याला दोन वर्षं वकिली केली, पण अशिलाला 'तुमची केस कमकुवत आहे' असं पहिल्याच भेटीत, तेही विरुद्ध पक्षाच्या वकिलासमोर, सांगायची सवय असल्यामुळे ती चालली नाही. मग हायडेलबर्गला येऊन पुन्हा कायदा शिकले, आणि आता इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे दाखले लिहितात. हेच काम, दिवसभर, पगारी. देवाने माणूस आणि काम यांची इतकी चपखल जोडी क्वचितच जमवली असेल.

या दाखल्याला इथे त्सॉयग्निस म्हणतात आणि त्याचं प्रस्थ मोठं आहे. तो खरा असला पाहिजे आणि सहृदयही असला पाहिजे, असा इथला कायदा. आता निघालेला माणूस ठार आळशी असेल तर खरं आणि सहृदय एका वाक्यात कसं बसवायचं? म्हणून पायऱ्या ठरलेल्या आहेत. 'नेहमीच आमच्या परिपूर्ण समाधानाचे काम केले' हा पहिला वर्ग. 'नेहमीच' गळलं की उतरण सुरू. नुसतं 'समाधानाचे' म्हणजे जेमतेम पास. आणि 'काम करण्याचा प्रयत्न केला' असं लिहिलं असेल तर समजावं की हा माणूस गेला त्या दिवशी ऑफिसात केक कापला. या पायऱ्या भाऊजींच्या रक्तात इतक्या भिनल्या आहेत की ते जगातल्या कुठल्याच गोष्टीला चांगली किंवा वाईट म्हणत नाहीत. मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या तेव्हा त्यांनी चार खाल्ल्या, हात धुतले, जागेवर येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, आल्झो, पूर्ण समाधान." आल्झो म्हणजे 'तर मग', निकालाआधीचा त्यांचा खाकरा. मी खूश. नवऱ्याने रात्री हळूच सांगितलं की 'नेहमीच' नाही आणि 'परिपूर्ण'ही नाही, म्हणजे तिसरा वर्ग. पाचव्या वर्षी मी 'परिपूर्ण'पर्यंत पोचले. 'नेहमीच' अजून आलेलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "दोन हजार सतराच्या मार्चमध्ये एक पोळी फुटली होती."

त्यांच्या घरी एक भिंतभर ओर्डनर आहेत. ओर्डनर म्हणजे जाड पुठ्ठ्याची, दोन कड्यांची फाईल. जर्मनीत माणूस जन्मतो तो बहुधा हिच्यात लावूनच. घरात आलेल्या प्रत्येक कागदाला भाऊजी आधी दोन भोकं पाडतात आणि मग वाचतात. आमच्या लेकीने पाच वर्षांची असताना त्यांचं चित्र काढून दिलं होतं, त्यातही डोळ्यांच्या जागी दोन नेमकी भोकं आहेत. तिने तेव्हा भोकाड पसरलं. त्यांनी तिला सगळ्या गांभीर्याने समजावलं, "बघ, भोकं नसती तर हरवलं असतं." ते चित्र अजून आहे, 'कुटुंब, बालके, कला' या खणाखाली. तिच्या स्वतःच्या आईने तिची बाकीची चित्रं कधीच टाकून दिली, हेही इथे खरेपणाने नमूद करते.

त्यांचं लग्न झालं नाही. व्हायच्या बेतात एकदा होतं. मुलगी म्युनिकला नोकरी करणारी, मूळची नाशिकची, आमच्याच मध्यस्थीने दोघं कॉफी प्यायला भेटले. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तिला भेटीचा अभिप्राय ईमेलने पाठवला. 'संभाषणात रस दाखवला. वेळेवर आल्या.' ती मुलगी इथे आठ वर्षं राहिलेली. नुसत्या वक्तशीरपणाचं कौतुक म्हणजे बाकी सगळा आनंद, हे तिला पक्कं ठाऊक. तिने मला फोन करून जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. भाऊजींना मी झापलं तेव्हा ते चकित झाले. "पण वहिनी, त्या खरंच वेळेवर आल्या होत्या. मीच चार मिनिटं उशिरा पोचलो. तेही लिहिलंय खाली."

आमचं जुनं घर सोडायच्या दिवशी त्यांना मोठ्या आशेने बोलावलं होतं, कारण घरमालक खडूस होता आणि घर ताब्यात देताना इथे भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा लिहून घेतात. भाऊजींनी सकाळपासून मालकाला असा काही घाम फोडला की त्याने निम्मे ओरखडे आपले म्हणून कबूल केले. आम्ही दोघं मनातल्या मनात नाचत होतो. सह्या व्हायच्या आधी भाऊजी म्हणाले, "एक राहिलं," आणि कपाटामागे आम्ही टूथपेस्टने बुजवलेलं खिळ्याचं भोक त्यांनी बॅटरी मारून मालकाला दाखवलं. पुढचा अख्खा शनिवार आम्ही भिंत रंगवत होतो. शिडी भाऊजींनी धरली. "न्याय एका बाजूचा नसतो दादा," ते खालून माझ्या नवऱ्याला म्हणत होते, आणि दादांच्या हातातल्या ब्रशचे थेंब त्यांच्या डोक्यावर पडत होते. चुकून पडत होते असं मी शपथेवर सांगणार नाही.

पण हाच माणूस माझी नोकरी गेली तेव्हा तीन आठवडे रोज संध्याकाळी आगगाडीने येत होता. माझ्या दाखल्यातून कंपनीने 'नेहमीच' गाळलं होतं. मला तेव्हा त्या शब्दाचं काही सुचतच नव्हतं, रडू येत होतं तेवढंच. भाऊजींनी माझ्या सहा वर्षांच्या कामाचे कागद मागितले (मी याद्या ठेवते, त्यामुळे ते होते), ओळीने लावले आणि कंपनीला तीन पत्रं लिहिली. चौथं लिहायची वेळ आली नाही. 'नेहमीच' परत आलं. माझं अभिनंदन वगैरे करायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. "ते खरं होतं म्हणून आलं," एवढंच बोलले आणि पिठलं मागून घेतलं.

आता नाना. मामींच्या गावच्या वाचनालयात जुन्या कर्त्या माणसांच्या तसबिरी लावायच्या ठरल्या. मामींचे वडील गावातले पहिले वकील, म्हणून त्यांचीही. तसबिरीखाली चार ओळी हव्यात. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की, महायुद्धाच्या काळात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका इंग्रज वसाहतीत नाना कायदा अधिकारी म्हणून गेले आणि गरिबांवरचा अन्याय न बघवून अकरा महिन्यांत साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून परत आले. वाचनालयाच्या चिटणिसांनी त्याप्रमाणे 'परकीय सत्तेच्या उच्च पदावर लाथ मारून' अशी सुरुवात करूनही ठेवली होती. मामी म्हणाल्या, थांबा, माझा मुलगा कायद्याचा माणूस आहे, जर्मनीत दाखलेच लिहितो, तो बघून सांगेल. चिटणिसांना वाटलं, शुद्धलेखन बघेल.

भाऊजींनी इंग्लंडातल्या एका दफ्तरखान्याला पत्र लिहिलं. वसाहतीच्या त्या कचेरीचे कागद तिथे पडून होते. पाच महिन्यांनी दीडशेच्या वर पानांच्या प्रती आल्या. त्यांना भोकं पडली. आणि मग तिसऱ्या रविवारच्या जेवणांना नाना हजर राहू लागले. पहिला शोध असा की नाना 'उच्च पदावर' नव्हतेच. मूळचा गोरा साहाय्यक अधिकारी युद्धावर गेला, म्हणून त्याच्या खुर्चीवर तो येईपर्यंत बसवलेला हा हंगामी माणूस. दाराबाहेरची पाटीसुद्धा त्या गोऱ्याच्याच नावाची राहिली होती, कारण पाटी बदलायची परवानगी मागणारा नानांचा अर्ज अकरा महिने विचाराधीन होता. या अर्जावर भाऊजी बेहद्द खूश. "बघा वहिनी, चार स्मरणपत्रं. भाषा अत्यंत सभ्य." आजोबा सापडल्याचा आनंद माणसाला इतक्या विचित्र ठिकाणी होऊ शकतो.

कामं काय, तर दोन घरांच्या मधल्या भिंतीवर पडलेला नारळ कोणाचा. बैलगाडीने बंदरावर कोणत्या हाताला वळावं. आणि लाटसाहेबांच्या बागेतल्या माकडाने एका पाहुण्याची टोपी पळवली तर सरकार जबाबदार ठरतं का. या माकडावर नानांनी सात पानी कायदेशीर मत लिहिलं आहे, दोन जुन्या खटल्यांचे दाखले देऊन. सरकार जबाबदार नाही, असा निष्कर्ष; माकडाची बाजू मात्र खुली ठेवली आहे. माझा नवरा म्हणाला, "साम्राज्य टिकलं कसं इतके दिवस?" भाऊजी म्हणाले, "गेनाऊ, अगदी तोच प्रश्न मलाही पडला."

आणि मग सप्टेंबरच्या रविवारी ते आले, जेवले, पण आमटीला वर्ग दिला नाही. जेवण झाल्यावर त्यांनी एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं. बंदरावरच्या एकोणीस हमालांनी करार पुरा व्हायच्या आत काम सोडलं होतं. त्यांना तुरुंगात टाकता येईल का, असा कचेरीचा प्रश्न. माकडावर सात पानं लिहिणाऱ्या नानांचं हमालांवरचं मत दोन ओळींचं होतं. नियमाप्रमाणे टाकता येईल. हरकत नाही. खाली सुरेख वळणदार सही.

"आईला हे सांगावं लागणार," भाऊजी म्हणाले.

"सांगावंच लागेल असं नाही," मी म्हटलं. "चारच ओळी आहेत. एवढ्यात सगळं कुठे मावतंय?"

"गाळणं म्हणजे खोटंच की, वहिनी. तुमचं 'नेहमीच' गाळलं तेव्हा आपण काय म्हणालो होतो?"

माझंच उदाहरण माझ्यावर उलटवणाऱ्या माणसाला मी नाइलाजाने दुसरी वाटी श्रीखंड वाढलं.

अशा रीतीने ती रविवारची सभा भरली. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पूर्ण दाखला एका पानाचा; त्यातून मामी सांगतील त्या चार ओळी वाचनालयाला जायच्या. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"आई, दिसतोय का मी?"

"तू दिसतोयस रे. पण बारीक का झालायस? अगं, हा जेवतो ना तुझ्याकडे?"

"जेवतात मामी. वर्गवारीने जेवतात."

"वाच तू," मामी म्हणाल्या. कपाळ थोडं पुढे आलं.

भाऊजींनी वाचायला सुरुवात केली. हंगामी पद, आलेली प्रकरणं नीटनेटकी हाताळली, सहकाऱ्यांशी वागणूक सौजन्याची. माकडापाशी मामी इतक्या हसल्या की फोन आडवा झाला आणि आम्हाला काही काळ त्यांच्या घरचा पंखा दिसत राहिला. मग हमाल आले. भाऊजींनी आवाज न बदलता ती ओळ वाचली. लेकीने कानातलं गाणं काढून ठेवलं.

"किती माणसं म्हणालास?"

"एकोणीस."

"नावं?"

"नावं नाहीत, आई. नुसता आकडा आहे."

"मग आकडा लिही. एकोणीस हमाल, असं स्पष्ट लिही. लोक फोटो बघतील तसं तेही वाचतील." मग त्या म्हणाल्या, "घरात ते मोलकरणीलासुद्धा अहो म्हणायचे रे. आणि तिथे असं. लिही तू. मी म्हणते ना."

माझ्या नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला. मला वाटलं, संपलं, सगळ्यात अवघड ते झालं. मी मनातल्या मनात पुढच्या कामाकडे वळलेही होते: चहा, मग मामींच्या औषधांची चौकशी, मग लेकीचा गणिताचा गृहपाठ.

"आणि राजीनामा नव्हताच, आई," भाऊजी म्हणाले. "मूळचा अधिकारी परत आला, मुदत संपली."

"ते माहीत आहे मला. नाना कुणाच्या तोंडावर रुमालसुद्धा फेकणारे नव्हते. ती सगळी तुझ्या मामाची भर." मामी पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "पण ते आले ते माझ्या तापासाठी आले ना रे? ते लिहू नकोस कुठे. ते माझ्यापुरतंच आहे. मी पाच वर्षांची. वसुबारसेला मला ताप चढला, विषमज्वर होता, माझी आशा सोडली होती सगळ्यांनी. भाऊबीजेला आईने नानांना पत्र टाकलं. आणि ते आले. मी अंथरुणातच होते. मला मांडीवर घेऊन म्हणाले, तुझ्यासाठी आलो बघ सगळं सोडून. तेवढं कागदात कुठे आहे का, बघ."

मी भाऊजींच्या समोर बसले होते. त्यांच्या हातातलं पान मला उलटं दिसत होतं. पण पुढची ओळ मोठ्या टायपात होती आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद उलटे वाचत आले आहे. 'डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदतवाढीसाठी अर्ज केला. घरी आपली कोणतीही निकड नसल्याचे अर्जात नमूद. अर्ज नामंजूर.'

"आल्झो," भाऊजी म्हणाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्या ओळखीतल्या सगळ्यात खऱ्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत म्हटलं, "आई, तुझा आवाज तुटतोय."

"मला तर अगदी शेजारच्या खोलीतल्यासारखं ऐकू येतंय."

"नाही आई, तुटतोय. नंतर करतो." आणि फोन बंद केला.

"दास नेट्स वार डोख गूट," लेक म्हणाली. नेट तर छान चालू होतं. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने गाणं परत कानात घातलं.

चहा करताना ते स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभे राहिले. "भाऊबीज ते डिसेंबरचा पहिला आठवडा," ते म्हणाले. "जेमतेम चार आठवडे. युद्ध चालू होतं, वहिनी. टपाल बोटीने जायचं. बोटी अडकायच्या, बुडायच्या. आजीचं पत्र तोवर पोचलंच नसेल. मग निकड नाही असंच लिहिणार ना तो माणूस?"

"तसंच असेल, भाऊजी. मामींना तेच सांगा."

"पुरावा कुठाय?"

"आणि पोचलं होतं, याचा तरी कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर कसली तरी विनंती पाहिली. चहा मी त्यांच्या हातात दिला. तो उकळून कडू झाला होता. त्यांनी तो संपवला आणि त्याला कोणताही वर्ग दिला नाही.

त्यानंतर भाऊजींनी जो उद्योग मांडला आहे तो पाहून इतर कुणाला मी हसले असते. युद्धकाळातल्या बोटींच्या वेळापत्रकांसाठी तीन देशांतल्या दफ्तरखान्यांना पत्रं गेली आहेत. मुंबई सोडून त्या बंदराला कोणती बोट कधी लागली, तिच्यात टपालाच्या थैल्या होत्या का, थैल्या वाटपाला कधी गेल्या. एका दफ्तरखान्याने कळवलं की त्या दोन महिन्यांच्या नोंदी उपलब्ध नाहीत, तर ते पत्र त्यांनी मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं, जणू वरच्या कोर्टाने अपील दाखल करून घेतलं होतं. आयुष्यभर माणसांना पुराव्याशिवाय अर्धा गुण न देणारा हा गृहस्थ आता पुराव्यासाठी नाही, तर पुरावा न सापडण्यासाठी झटतो आहे. नवरा म्हणतो, याला वेड लागलं. मी आता तसं म्हणत नाही. वाचनालयाच्या चार ओळी गेल्या. एकोणीस हमाल त्यात आहेत, चिटणीस नाराज आहेत, तसबीर लागली आहे.

आज जानेवारीचा शेवटचा शनिवार. काल मामींचा मला फोन आला. त्यांना श्वास लागतो आता, वाक्य दोन तुकड्यांत येतं. "त्याला म्हणावं," त्या म्हणाल्या, "मी काही लहान नाही आता. जे असेल ते सांग म्हणावं. आणि मी आहे तोवर सांग म्हणावं."

मी हो म्हणाले. एरवी मला कोणी निरोप दिला की पाच मिनिटांत तो पुढे गेलेला असतो. हा कालपासून माझ्यापाशीच आहे. भाऊजींना फोन करायचा राहिला आहे.